देसाईगंजच्या ठाण्यातील ती रात्र

चिटणीसबाईंनी इतिहासावर लिहावयास सांगितले, तेव्हा मला शिवकालाऐवजी देसाईगंज आठवले. २६ मार्च १९७२ च्या रात्री तक्रारीच्या कामासाठी ठाण्यात गेलेल्या एका आदिवासी मुलीवर तेथेच पोलिसाने बलात्कार केला. आप्त बाहेर उभे होते. (तिचे नाव देत नाही, पीडितेचे नाव छापणे १९८३ पासून गुन्हा आहे.) नागपूर खंडपीठाने दोघा पोलिसांना शिक्षा दिली, १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांना सोडले. अंगावर झटापटीच्या खुणा नाहीत, म्हणजे संमती! भीतीने गोठलेल्या पोरीच्या अंगावर खुणा कोठून येणार? १९७९ मध्ये वसुधा धागमवार, लोतिका सरकार आदी चौघा कायदेपंडितांनी खुले पत्र लिहिले, बाया रस्त्यावर आल्या, तेव्हा कुठे १९८३ साली कायदा बदलला.

भगिनींनो, २०१३ पासून अशी फिर्याद स्त्री-अधिकाऱ्यानेच लिहून घ्यावयाची असते, आणि ती नोंदविण्यास नकार देणारा पोलीस शिक्षेस पात्र ठरतो. रुग्णालयाने, मग ते खाजगी का असेना, उपचार विनामूल्य करावयाचे असतात. २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेप्रमाणे फिर्याद कोणत्याही ठाण्यात देता येते. प्रतही फुकट मिळते.

पूर्वी एकदा एका मुलीबरोबर मी ठाण्यात गेले होते. “ही आमची हद्द नव्हे,” एवढेच उत्तर मिळाले, आणि आम्ही दोघी मुकाट्याने परतलो.