आर्मेनियन जव्हेरी आणि त्यांचे क्रूसपाषाण

ठाण्याच्या चार हुतात्म्यांची नावे आपल्या धर्मग्रामांतील वडीलधाऱ्यांना ठाऊक असतात: तोलेन्तिनोचे थॉमस, पादुआचे जेम्स, सिएनाचे पीटर आणि तिफलिसचे देमेत्रियस. १३२१ च्या एप्रिल महिन्यात ठाणे बंदरात त्यांनी ख्रिस्तासाठी प्राणार्पण केले. यांपैकी फादर थॉमस हे पूर्वी आर्मेनियन लोकांच्या सिलिसिया राज्यात, राजा हेथुम दुसरा याच्याकडे गेलेल्या फ्रान्सिस्कन धर्मबंधूंमध्ये होते. बंधू देमेत्रियस ज्या तिफलिसहून आले, ते शहरही आर्मेनियाच्या शेजारचेच. आर्मेनियाचा आणि ठाण्याच्या भूमीचा असा जुना संबंध आहे. पुढे हेच नाव आपल्या किनाऱ्यावर पुन्हा ऐकू आले, ते मात्र रत्ने आणि रेशीम यांच्या व्यापारामुळे.

चौथ्या शतकाच्या आरंभीच ज्या राष्ट्राने राजासह ख्रिस्ताचा स्वीकार केला, ते हे राष्ट्र. त्यांच्या संत ग्रेगरी नारेकचे यांना पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून घोषित केले. १६०४ साली इराणचा शाह अब्बास याने आरास नदीकाठच्या जुल्फा नगरातील आर्मेनियन लोकांना उठवून इस्फाहानजवळ नेले. घरदार सुटले; पण हाताची कला आणि व्यापाराची नजर बरोबर गेली. नव्या जुल्फाच्या या व्यापाऱ्यांनी १६६० साली रशियाचा झार अलेक्सेई याला एक सिंहासन नजर केले. त्यावर ८०० हून अधिक हिरे जडवलेले आहेत आणि मॉस्कोच्या क्रेमलिनमध्ये ते आजही पाहावयास मिळते. हिऱ्यांसाठी जग त्या काळी मुख्यतः आपल्या गोवळकोंड्याकडेच पाहत असे. तेव्हा ते हिरे मूळचे भारतातलेच असावेत, हा तर्क वावगा ठरू नये. ही भेट निर्हेतुक नव्हती, हेही सांगितले पाहिजे. १६६७ साली रशियातून रेशीम नेण्याचा करार त्यांच्या पदरात पडला!

होव्हान्नेस नावाच्या अशाच एका व्यापाऱ्याची जमाखर्चाची वही आज उपलब्ध आहे. १६८२ साली तो नव्या जुल्फाहून निघाला आणि सुरत, आग्रा असा मजल दरमजल करीत तिबेटातील ल्हासापर्यंत पोहोचला. तेथे तो सुमारे पाच वर्षे राहिला. राजेरजवाड्यांच्या बखरींहून अशी एक वही इतिहासाला अधिक उपयोगी पडते, असे माझे मत आहे.

मग या जव्हेऱ्यांचे दागिने गेले कुठे? सोने वितळते, हिरा कोंदणातून निघून दुसऱ्या कोंदणात बसतो. आपल्या घरांतही आजीच्या कानांतली कुडी नातीच्या लग्नात सोनाराच्या मुशीत जातेच की! कारागिराचे नाव त्या मुशीतच संपते. म्हणून आपल्या बाजूला आर्मेनियन माणूस शोधायचा तर तो दगडात शोधावा लागतो.

मुंबईत तो सापडतो. १६८८ साली ईस्ट इंडिया कंपनीने खोजा फानूस कलंतार यांच्याशी केलेल्या करारात एक लक्षणीय कलम होते: ज्या वसाहतीत ४० किंवा अधिक आर्मेनियन राहतील, तेथे कंपनीने त्यांना चर्चसाठी जागा द्यावी आणि धर्मगुरूंना सात वर्षे दरसाल ५० पौंड द्यावेत. व्यापाराच्या कागदावर उपासनेची अट घालून घेणारे लोक विरळाच. फोर्टमधील मेडोज स्ट्रीटवर, म्हणजे आताच्या नगीनदास मास्टर मार्गावर, १७९६ साली उभारलेले संत पीटर आर्मेनियन चर्च आहे. ठाणे-कल्याणहून रोज बोरीबंदरला उतरणारी आपली हजारो माणसे कामावर जाताना त्याच्या आसपासच वावरतात. चर्च आहे, पण ते बांधणाऱ्यांची वस्ती आता जवळजवळ उरलेली नाही.

आर्मेनियन हस्तकलेचा मुकुटमणी कोणता, असे कुणी विचारले तर मी रत्नजडित दागिन्याकडे बोट दाखवणार नाही. तो मान ‘खाचकार’चा, म्हणजे क्रूसपाषाणाचा. उभ्या शिळेवर मधोमध क्रूस, त्याच्या पायाशी सूर्यासारखे चक्र, भोवती द्राक्षवेल आणि डाळिंबे यांची जाळीदार नक्षी; सारे काही छिन्नीने कोरलेले. एकासारखा दुसरा नसतो. कोरून झाल्यावर त्याला पवित्र तेलाचा अभ्यंग करून आशीर्वाद दिला जातो. युनेस्कोने २०१० साली ही कला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. आपल्या गावठाणांतील वेशीवरचे क्रूस इतके नक्षीदार नाहीत. परंतु रस्ता रुंद करण्याचा नकाशा आला की त्यांचे काय होते, हे वाचकांना ठाऊक आहे.

जुन्या जुल्फाच्या कबरस्तानात अशा शिळांचे रानच होते. फ्रेंच जेझुइट मिशनरी अलेक्सांद्र द ऱ्होड १६४८ साली तेथून गेले, तेव्हा त्यांनी सुमारे १०,००० क्रूसपाषाण असल्याची नोंद केली. विसाव्या शतकापर्यंत त्यांतले काही हजार टिकून होते. ही भूमी आता अझरबैजानच्या नाखिचेवान प्रदेशात येते. १९९८ ते २००५ या काळात ते कबरस्तान टप्प्याटप्प्याने भुईसपाट करण्यात आले. डिसेंबर २००५ मध्ये नदीपलीकडच्या इराणी काठावरून शिळांवर घण घालणाऱ्या सैनिकांचे चित्रण झाले. तेथील सरकारने हा आरोप नाकारला. परंतु उपग्रहाच्या छायाचित्रांत ती जागा मोकळी दिसते.

काही थोड्या शिळा पूर्वीच आर्मेनियातील एचमियाद्झीन येथे नेऊन ठेवल्या होत्या, तेवढ्या वाचल्या. सुरतेच्या जुन्या आर्मेनियन कबरस्तानातही परदेशी निधन पावलेल्या व्यापाऱ्यांच्या शिळा अजून आहेत. त्यांच्यावर आर्मेनियन लिपीतील नावे कोरलेली आहेत.