पावसाच्या पाण्याचे बिल कुणी भरावे?

१/ १९७४ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील बेलव्ह्यू या लहान शहराने पावसाळी पाण्याच्या निचऱ्यासाठी स्वतंत्र विभाग स्थापला आणि त्याचा खर्च नागरिकांकडून शुल्करूपाने वसूल करण्याचे ठरवले. हे बिल नळाच्या पाण्याचे नव्हते, सांडपाण्याचेही नव्हते. आपल्या जागेवर पडून बाहेर वाहून जाणाऱ्या पावसाचे ते बिल होते. असा प्रयोग करणाऱ्या अगदी पहिल्या अमेरिकी शहरांत बेलव्ह्यूची गणना होते. त्यातून उपजलेला वाद पुढे अनेक राज्यांच्या सर्वोच्च न्यायालयांपर्यंत गेला. त्याची ही हकिकत.

२/ बेलव्ह्यू सिएटलच्या पूर्वेला, लेक वॉशिंग्टनच्या पैलतीरावर वसले आहे. एके काळी येथे स्ट्रॉबेरीचे मळे होते आणि त्यांतले बरेच जपानी वंशाचे शेतकरी कसत. (१९४२ साली त्यांची रवानगी छावण्यांत झाली, तो एका वेगळ्या थ्रेडचा विषय आहे.) १९४० मध्ये सरोवरावर तरंगता पूल झाला, १९५३ मध्ये बेलव्ह्यूला शहराचा दर्जा मिळाला आणि १९७० पर्यंत लोकसंख्या ६१ हजारांवर गेली. मळ्यांच्या जागी छपरे, डांबरी रस्ते आणि पार्किंगची मैदाने आली.

३/ येथे थोडे गणित आवश्यक आहे. १०० चौरस मीटर छपरावर २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर २,५०० लिटर पाणी जमा होते. कुरणावर त्यातले बहुतेक जिरते. डांबरावर जवळपास सगळे वाहते. एक एकर कुरणाच्या तुलनेत एक एकर पार्किंगमधून सुमारे १६ पट पाणी वाहून जाते, असा हिशेब अमेरिकेत नेहमी दिला जातो. बेलव्ह्यूतील ओढ्यांना हा भार पेलवेना.

४/ मग गटारांचा खर्च कोणी द्यायचा? रूढ उत्तर होते मालमत्ता कर. पण हा कर मालमत्तेच्या किमतीवर ठरतो, आणि किमतीचा वाहत्या पाण्याशी काय संबंध? लहानशा जागेवरील महागडी इमारत भरपूर कर भरते, पण पाणी थोडेच सोडते. विस्तीर्ण पार्किंग असलेल्या बैठ्या दुकानाचे नेमके उलट. चर्च, शाळा, सरकारी कचेऱ्या यांना तर हा कर बहुधा माफच. शिवाय अंदाजपत्रकात पोलीस आणि अग्निशमन यांच्याशी स्पर्धा करताना गटार दरवर्षी हरते. पूर आला की तेवढी त्याची आठवण होते.

५/ बेलव्ह्यूने मोजपट्टीच बदलली. जागा किती मोठी आणि तिच्यावर बांधकाम किती दाट, या दोन गोष्टींवर शुल्क ठरू लागले. मोकळ्या जमिनीला कमी, दाट बांधकामाला जास्त. जमा होणारा पैसा निचऱ्यासाठीच राखून ठेवला गेला. सगळे ओढे नळांत कोंडण्याऐवजी ते उघडे ठेवून त्यांनाच निचऱ्याची वाट मानण्याचे धोरणही शहराने धरले. माझ्या मते शुल्काइतकेच हेही महत्त्वाचे.

६/ पुढे संघराज्याच्या कायद्याने या कल्पनेला बळ दिले. १९८७ मध्ये ‘क्लीन वॉटर अ‍ॅक्ट’मध्ये दुरुस्ती होऊन शहरांचे पावसाळी पाणीही नियमांच्या कक्षेत आले. १९९० चे नियम मोठ्या शहरांसाठी होते. १९९९ मध्ये लहान शहरांवरही जबाबदारी आली. खर्चाचा मोठा भाग मात्र शहरांनाच उभारायचा होता.

७/ येथे खरा पेच उभा राहिला. कर आणि शुल्क यांत फरक काय? मिशिगनमध्ये १९७८ च्या घटनादुरुस्तीनुसार नव्या स्थानिक करासाठी मतदारांची संमती लागते. लॅन्सिंग शहराने मतदान न घेता पावसाळी पाण्याचे शुल्क लावले आणि एक नागरिक न्यायालयात गेला. १९९८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द ठरवले: ही आकारणी ऐच्छिक नाही, तिचा पैसा दीर्घकाळ टिकणाऱ्या बांधकामाला जातो, म्हणून हा शुल्काचा वेश घेतलेला कर आहे. विरोधकांना केवळ कंजूष समजणे चूक ठरेल. नाव बदलून मतदाराची संमती टाळता येते का, हा त्यांचा प्रश्न रास्त होता.

८/ याच प्रश्नाला मेन राज्यात उलट उत्तर मिळाले. अँड्रोस्कॉगिन नदीकाठचे लुइस्टन हे जुन्या कापडगिरण्यांचे, सुमारे ३६ हजार वस्तीचे शहर. त्याने २००६ मध्ये असे शुल्क सुरू केले. पाणी न जिरणारे क्षेत्र हे त्याचे माप. एका मालमत्ताधारकाने ते थकवले आणि प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २०१२ चा निकाल शहराच्या बाजूने लागला: हे शुल्कच आहे, कर नव्हे.

९/ त्याच वर्षी मेरीलँडने आपल्या दहा मोठ्या स्थानिक प्रशासनांना असे शुल्क बंधनकारक केले. विरोधकांनी त्याला ‘पावसावरचा कर’ म्हटले. २०१४ च्या गव्हर्नरपदाच्या निवडणुकीत हा शब्द गाजला आणि २०१५ मध्ये सक्ती उठली.

१०/ या वादात खुद्द केंद्र सरकारही मागे नव्हते. २०१० मध्ये काही संघीय खात्यांनी राजधानीतील आपल्या इमारतींचे हे शुल्क भरण्यास नकार दिला. हा कर आहे आणि तो आम्हांला लागू नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. अखेर काँग्रेसने कायदा केला, जानेवारी २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्यावर सही केली आणि सरकारी छपरांचेही बिल देय झाले.