दिवाळें आणि परत मागितलेला पैसा

एखाद्या कंत्राटदारानें एका कंपनीची इमारत रंगवून दिली. बिल उशिरां कां होईना, पण पुरतें चुकतें झालें. त्यांतून त्यानें मजुरांची मजुरी भागविली. दोन महिन्यांनीं कंपनीचें दिवाळें निघालें, आणि तिचा कारभार हातीं घेतलेल्या अधिकाऱ्यानें तोच पैसा परत मागितला. वाचकांस हा उघड अन्याय वाटेल. मलाही प्रथम तसेंच वाटलें होतें. परंतु या मागणीची परंपरा जुनी आहे.

रोमन कायदेपंडित अल्पियन याच्या काळीं उत्तर सरळ होतें. ऋणकोची मालमत्ता जप्त होण्यापूर्वीं ज्यानें आपलें येणें वसूल केलें, त्यानें तें खुशाल ठेवावें. ऋणको बुडाला आहे हें त्यास ठाऊक असलें तरी हरकत नाहीं. तो आपल्या हितास जागला, इतकेंच. जप्तीनंतर वसुली करणाऱ्यास मात्र इतरांबरोबर वांटणीस बसावें लागे.

इंग्लंडांत १५४२ च्या कायद्यानें दिवाळखोराची मालमत्ता सर्व धनकोंस कर्जाच्या प्रमाणांत वांटण्याचें तत्त्व घालून दिलें. पण दिवाळें निघण्याच्या तोंडावर ऋणकोनें स्वतःच मर्जींतल्या माणसाचें देणें फेडलें तर? १७६८ सालच्या ‘आल्डरसन विरुद्ध टेंपल’ या खटल्यांत असाच प्रकार होता. बुडत्या व्यापाऱ्यानें आपण होऊन एका धनकोकडे प्रॉमिसरी नोट पाठविली होती. लॉर्ड मॅन्सफील्ड यांनीं तो व्यवहार रद्द ठरविला. येथून कायदा ऋणकोच्या मनांत डोकावूं लागला. पैसे पक्षपातानें दिले असतील तर परत. धनकोच्या दडपणामुळें दिले असतील तर कायम! परिणाम मोठा मौजेचा झाला. दारांत धरणें धरून बसणाऱ्याची वसुली वांचली, आणि सभ्यपणें वाट पाहणाऱ्याची संशयांत सांपडली. मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांसाठीं केलेल्या १९०९ च्या कायद्यांतही हीच हेतूची कसोटी, तीन महिन्यांच्या मुदतीसह, उतरली.

परक्याच्या मनाचा ठाव घेणें न्यायाधीशांसही कठीण. म्हणून पुढें मनाची जागा पंचांगानें घेतली. अमेरिकेच्या १९७८ च्या कायद्यांत दिवाळ्याच्या अर्जापूर्वींचे नव्वद दिवस तपासले जातात; भारताच्या २०१६ च्या संहितेंत मागील एक वर्ष, आणि कंपनीशीं संबंधित व्यक्ति असल्यास दोन. हेतूचा प्रश्नच उरत नाहीं. जेपी इन्फ्राटेकच्या प्रकरणांत आपल्या सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं तें स्पष्ट केलें.

आमच्या रंगाऱ्याचें काय? त्यानें कोणाचें कांहीं लुबाडलेलें नाहीं, हें कायदाही मान्य करतो. अमेरिकेंत पैसा परत केल्यावर तेवढ्याच रकमेचा दावा लावून त्यास इतरांच्या रांगेंत उभें राहतां येतें. मजुरांस दिलेली मजुरी मात्र रांगेंत उभी राहत नाहीं. त्याचा खरा आधार एकच, नेहमीच्या व्यवहाराची सवलत. आजवरचीं बिलें ज्या रीतीनें व जितक्या दिवसांनीं चुकतीं होत, तसेंच हेंही झालें, असें त्यानें वह्या दाखवून सिद्ध केल्यास पैसा त्याच्यापाशीं राहतो. पण दिवाळ्याची कुणकुण लागतांच त्यानें तगादा लावून, काम थांबविण्याची धमकी देऊन ती रक्कम काढली असेल, तर तोच तगादा आतां त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून पुढें येतो.