लाटणे मोर्चा: महागाईविरोधातला आवाज संसदेपर्यंत कसा पोहोचला?

'गरिबी हटाओ'ची घोषणा देत इंदिरा गांधींनी १९७१ची लोकसभा निवडणूक मोठ्या बहुमताने जिंकली. पण १९७२च्या दुष्काळात धान्य उत्पादन घटलं आणि १९७३च्या अखेरीस कच्चं तेल भडकलं. अर्थव्यवस्था मंदावलेली असतानाच १९७४मध्ये महागाईचा दर २५ टक्क्यांच्या पुढे गेला. पगार मात्र त्या वेगाने वाढले नाहीत.

लाटणंच का?
टंचाईची पहिली झळ स्वयंपाकघराला बसली. मुंबईत समाजवादी मृणाल गोरे आणि मार्क्सवादी अहिल्या रांगणेकर 'महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती'त एकत्र आल्या. हजारो गृहिणी लाटण्याने थाळ्या बडवत रस्त्यावर उतरल्या.

पुढे काय झालं?
गुजरातमध्ये वसतिगृहातल्या मेसचं बिल वाढल्यावरून विद्यार्थ्यांचं आंदोलन पेटलं. फेब्रुवारी १९७४मध्ये मुख्यमंत्री चिमणभाई पटेल यांना राजीनामा द्यावा लागला. मे महिन्यात जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली लाखो रेल्वे कामगार संपावर गेले. सरकारने तो संप मोडून काढला.

जून १९७५मध्ये आणीबाणी लागू झाली. गोरे आणि रांगणेकर दोघींनाही तुरुंगवास झाला. १९७७मध्ये मुंबईकरांनी दोघींनाही लोकसभेत पाठवलं. इंदिरा गांधी मात्र रायबरेलीत पराभूत झाल्या.