ग्लायडरसाठी ट्रान्सपाँडरची निवड : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
पुण्याजवळ हडपसर येथील नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ग्लायडिंग केंद्रात अनेकांनी विनाएंजिन उड्डाणाचे शिक्षण घेतले. पुण्यातच लोहगाव येथे वायुदलाचा तळ असून प्रवासी विमानेही तेथून ये-जा करीत आली आहेत. मंदगती ग्लायडर आणि वेगवान जेट विमान यांना परस्परांची जाणीव कशी व्हावी, हा प्रश्न अशा सान्निध्यातून निर्माण होतो. ट्रान्सपाँडर हे त्याचे एक उत्तर होय. त्याच्या निवडीचा विचार प्रस्तुत लेखात इतिहासाच्या आधारे केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी :
रडारवर शत्रू-मित्र ओळखण्यासाठी दुसऱ्या महायुद्धात वापरलेल्या उपकरणांतून ट्रान्सपाँडर विकसित झाला. जमिनीवरील दुय्यम रडार १०३० मेगाहर्ट्झवर विचारणा करते व विमानातील उपकरण १०९० मेगाहर्ट्झवर उत्तर देते. 'ए' प्रकारच्या उत्तरात चार अंकी सांकेतिक क्रमांक, 'सी' प्रकारात उंची, तर 'एस' प्रकारात यांसह प्रत्येक विमानाचा २४ बिटांचा स्वतंत्र पत्ता मिळतो.

उंची कळण्याचे महत्त्व भारतास फार मोठी किंमत देऊन उमगले. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीजवळ दोन विमानांची आकाशात टक्कर होऊन ३४९ जण मृत्युमुखी पडले. दिल्लीच्या तत्कालीन प्राथमिक रडारवर विमानांची उंची दिसत नव्हती. या दुर्घटनेनंतर भारतात विमानांवर टक्करप्रतिबंधक यंत्रणा सक्तीची करण्यात आली. मात्र ही यंत्रणा समोरील विमानाचा ट्रान्सपाँडर उत्तर देत असेल तरच ते ओळखू शकते.

ग्लायडरची विशेष अडचण :
१९६१ साली प्रथम उडालेले भारतीय बनावटीचे 'रोहिणी' ग्लायडर लाकडी बांधणीचे होते. लाकूड वा काचतंतू यांवरून रडारच्या लहरी क्षीणपणे परावर्तित होतात. म्हणून ग्लायडरला ट्रान्सपाँडरची गरज अधिक. परंतु एंजिन नसल्याने वीजनिर्मितीचे साधन नसते व सारा भार बॅटरीवर पडतो. २८ ऑगस्ट २००६ रोजी अमेरिकेतील नेवाडा राज्यात एका जेट विमानाची ग्लायडरशी टक्कर झाली. ग्लायडरमध्ये ट्रान्सपाँडर होता. पण बॅटरी रेडिओसाठी राखण्याकरिता वैमानिकाने तो बंद ठेवला होता. सुदैवाने सर्वजण बचावले.

निवडीचे निकष :
'एस' प्रकारचे उपकरण ओळख व उंची दोन्ही देत असल्याने श्रेयस्कर ठरते. परंतु जितक्या विचारणा अधिक, तितकी उत्तरे अधिक व वीजखर्चही अधिक. शिवाय उंचीवरील थंडीत बॅटरीची क्षमता घटते. म्हणून रेडिओ व इतर उपकरणांसह संपूर्ण उड्डाणाचा वीजखर्च आधी मांडावा, त्यास पुरून उरेल अशी बॅटरी योजावी आणि मगच उपकरण ठरवावे. ग्लायडर परस्परांस ओळखण्यासाठी वापरतात ते 'फ्लार्म' उपकरण उपयुक्त असले, तरी प्रवासी विमानाच्या टक्करप्रतिबंधक यंत्रणेस ते दिसत नाही. त्यामुळे ते ट्रान्सपाँडरची जागा घेऊ शकत नाही.

निष्कर्ष :
चरखी दादरीने उंची कळण्याची आवश्यकता दाखविली, तर नेवाडाने उपकरण सतत चालू राहण्याची. बंद ठेवलेला ट्रान्सपाँडर नसल्यासारखाच असतो. म्हणून ग्लायडरपुरती ही निवड प्रथम बॅटरीची व नंतर उपकरणाची आहे, असे म्हणावे लागते.