गलांड्याची कुळकथा

फुलवाल्याकडे 'पावशेर गलांडा द्या' म्हणताना आपण नकळत अठराव्या शतकातल्या एका फ्रेंच न्यायाधीशाचं नाव घेत असतो. गेलार द शारांतोनो हे त्यांचं नाव. पेशा न्यायदानाचा, पण जीव झाडापानांत. लुइझियानातून फ्रान्सला पोचलेल्या एका फुलाचं वर्णन फुजरू द बाँदारॉय या शास्त्रज्ञाने केलं आणि या वनस्पतिप्रेमी गृहस्थांच्या मानाखातर त्याला 'गेलार्डिया' म्हटलं. आपल्याकडच्या जिभेवर घोळून त्याचा गलांडा झाला, जसा अ‍ॅस्टरचा अष्टर. हारात ओवून गळ्यात पडणाऱ्या फुलाच्या नावात 'गळा' ऐकू यावा, हे मला फार गोड वाटतं.

अमेरिकेचा दक्षिण भाग आणि उत्तर मेक्सिको इथली कोरडी, रेताड माळरानं हे त्याचं माहेर. म्हणून आमच्या लातूरचं ऊन त्याला परकं नाही. पानांवरून बोट फिरवा, बारीक लव खरखरते. ती ओल धरून ठेवते. पाकळी तांबडी, टोकाला पिवळी, आणि त्या टोकाला तीन दाते, कात्रीने कातरल्यासारखे.

दुष्काळात, 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वे लातूरला आली. त्या उन्हाळ्यात आमच्या अंगणातला गुलाब गेला, मोगरा गेला. आई तांदूळ धुतलेलं पाणी तेवढं गलांड्याच्या बुडाशी ओतायची, आणि तो भर दुपारी मान ताठ ठेवून फुलायचा. त्या फुलांकडे पाहून तिला धीर यायचा. मी ते पाहिलंय.

त्याला मारतं ते साचलेलं पाणी. नांदेडला मावशीच्या घरी काळी चिकट जमीन. श्रावणाच्या झडीत सगळी रोपं मुळाशी कुजली. पुढच्या खेपेला तिने मातीत मुरूम मिसळून उंच वरंबा केला आणि शेणखत बेतानेच घातलं, कारण खत जास्त झालं की पाला माजतो, फूल रुसतं. जानेवारीत बी टाकलं, चार-पाच आठवड्यांनी रोपं लावली. लग्नसराईला फुलं हाताशी आली.

पाकळ्या गळल्यावर मागे काटेरी, करडा गोळा उरतो. आई तो तळहातावर चुरते. कागदासारख्या पातळ पापुद्र्यांचा मुकुट घातलेलं एकेक बी सुटं होतं. दर वर्षी त्याची एक पुडी मावशीसाठी नांदेडला जाते.