शोधाआधी शब्दांकडे : एक प्रस्तावना

सानपाड्याहून पाम बीच रस्ता ओलांडला की ठाणे खाडीची खारफुटी लागते. दुसऱ्या अंगाला वाशी-तुर्भ्याचा घाऊक बाजार आहे. या टापूविषयी लिहिले गेलेले साहित्य थोडे नाही. खाडीतले मासे आणि गाळ, भातखाचरे आणि मिठागरे, सिडको या शहर-विकास महामंडळासाठी संपादित झालेल्या जमिनी, नव्या शहराची आखणी, अशा विषयांवर गेल्या अर्धशतकात प्रबंध, लेख, अहवाल तयार झाले आहेत. तरीही इथलाच एखादा विद्यार्थी डेटाबेसमध्ये शोध घेतो आणि फारसे काही हाती लागले नाही असे सांगत परत येतो. ग्रंथालयात काम करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. बहुतेक वेळा साहित्य तिथे असते. विद्यार्थ्याने टाकलेला शब्द आणि लेखकाने वापरलेला शब्द यांची गाठ पडलेली नसते. ही गाठ घालून देण्यासाठी जे साधन घडवले गेले, त्या थिसॉरसची ओळख करून देण्यासाठी ही पुस्तिका आहे.

थिसॉरस म्हटले की अनेकांना पीटर मार्क रॉजे या इंग्रज डॉक्टरांचा 1852 साली लंडनमध्ये निघालेला ग्रंथ आठवतो. लिहिणाऱ्याला नेमका शब्द सुचावा म्हणून त्यांनी जवळच्या अर्थाचे शब्द एकत्र मांडले. ग्रंथालयातला थिसॉरस त्याचाच भाऊबंद, पण तो उलट्या दिशेने चालतो. एका गोष्टीला लोक अनेक नावांनी ओळखतात हे तो मान्य करतो, त्यांतले एक नाव मुख्य ठरवतो आणि बाकीच्या नावांवरून त्या मुख्य नावाकडे वाट करून देतो. डेटाबेसमध्ये लेख दाखल होताना त्याला ही ठरलेली नावे लावली जातात. मग लेखकाने मजकुरात कोणताही शब्द योजलेला असो, एका विषयाचे लेख एका नावाखाली सापडतात.

अशी नोंद कशी असते हे वाचकांनी एकदा जवळून पाहावे. दारातल्या खाडीचेच उदाहरण घेऊ आणि मराठीत ती नोंद कशी होईल हे लिहून पाहू. मुख्य संज्ञा 'खारफुटी' धरू. सरकारी कागदांत 'कांदळवन' हा शब्द रूढ आहे. राज्याच्या वन विभागाने 2012 मध्ये स्थापन केलेल्या कक्षाचे नावच कांदळवन कक्ष. म्हणून 'कांदळवन पाहणाऱ्याने खारफुटीकडे जावे' अशी पहिली सूचना होईल. गावात विचाराल तर लोक 'तिवर' म्हणतील, आणि इथे जरा थांबावे लागते. बोलण्यात तिवर म्हणजे खाडीकाठचे सारेच रान. वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र तिवर म्हणजे अ‍ॅव्हिसेनिया ही एक प्रजात. मग 'तिवर' हा शब्द खारफुटीचा पर्याय म्हणून न ठेवता तिच्या पोटातली संकुचित संज्ञा म्हणून ठेवणे बरे. तिच्या शेजारी 'चिप्पी' येईल. त्यातल्या पांढऱ्या चिप्पीला 2020 मध्ये राज्याचा कांदळवन वृक्ष हा मान मिळाला. वरच्या पायरीवर 'पाणथळ जागा' ही व्यापक संज्ञा. आणि ज्या ना वर ना खाली, पण सोबतीने येतात, अशा संबंधित संज्ञा : खाडी, भरती-ओहोटी, रोहित पक्षी. ठाणे खाडीला 2015 मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून आणि 2022 मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून मान्यता मिळाली आहे, त्यामुळे खारफुटीच्या शोधात निघालेल्याला पक्ष्यांवरचे लेखही उपयोगी पडतील. इंग्रजी थिसॉरसांत हे संबंध बीटी, एनटी, आरटी अशा आद्याक्षरांनी दाखवलेले असतात : व्यापक, संकुचित, संबंधित. यूएफ या खुणेपुढे मागे सारलेली नावे असतात. एवढ्या चार खुणा कळल्या की कोणताही थिसॉरस उघडून वाचता येतो.

काही शब्दांची अडचण याच्या नेमकी उलट असते. तिथे नाव एक आणि गोष्टी दोन. 'आगर' म्हटले की ठाणे-उरणकडच्या माणसापुढे मिठाचे वाफे उभे राहतात आणि रत्नागिरीकडच्या माणसापुढे नारळी-पोफळीची बाग. डेटाबेसला हा फरक कळत नाही. तो दोन्ही आणून समोर ठेवतो. चांगला थिसॉरस अशा शब्दाला कंसात खूण जोडतो, आगर (मीठ) आणि आगर (बाग), आणि गरज पडेल तिथे ही संज्ञा कोणत्या अर्थाने घेतली आहे याची एका ओळीची टीप देतो. नवा अभ्यासक ही टीप बहुधा वाचत नाही. तुम्ही ती आवर्जून वाचा. चुकीच्या दिशेने जाणारा वेळ तिथेच वाचतो.

मराठीतून शोध घेणाऱ्याला थिसॉरसची गरज इंग्रजीवाल्यापेक्षा अधिक आहे, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याला कारण आपल्या भाषेची घडण आहे. विभक्ती लागताना आपला शब्द आतून बदलतो. 'मीठ' टाकून शोधले तर 'मिठागर' आणि 'मिठाचे' दोन्ही निसटतात, कारण दीर्घ ईकार ऱ्हस्व झालेला असतो. 'विहीर' शोधणाऱ्याला 'विहिरी' भेटत नाहीत. 'ठाणे' टाकणाऱ्याच्या हातून 'ठाण्यातील' सुटते. इंग्रजीत शब्दाचा शेवट कापून तारा लावला की बरेचसे काम भागते. मराठीत कुठे कापायचे हे आधी ठरवावे लागते, 'ठाण' पर्यंत मागे यावे तर ठाणबंद गुरांवरचे लेखही येऊ लागतात. त्यात जुन्या आणि नव्या शुद्धलेखनाचा फरक, अनुस्वाराच्या लिखाणातला फरक. यंत्र अक्षरे जुळवते, अर्थ जुळवत नाही. लेखाला जर विषयाची ठरलेली संज्ञा लावलेली असेल, तर मजकुरात तो शब्द कोणत्या रूपात आला आहे याची काळजी शोधणाऱ्याला करावी लागत नाही.

शब्दांची अशी विषयवार मांडणी आपल्याला परकी नाही. अमरकोशात शब्द वर्णक्रमाने नाहीत, वर्गांनी आहेत. पाण्याशी संबंधित सारे शब्द वारिवर्गात एकत्र. आपल्याकडचे अधिक जवळचे उदाहरण म्हणजे शिवकाळातला राज्यव्यवहारकोश. दरबारी कामकाजात रुळलेल्या फारसी-अरबी शब्दांना त्यात संस्कृत प्रतिशब्द दिले आहेत, आणि मांडणी दहा वर्गांची आहे : राजवर्गापासून दुर्गवर्ग, लेखनवर्ग, जनपदवर्ग करत व्यापारी मालाच्या पण्यवर्गापर्यंत. मुजुमदार म्हणजे अमात्य, डबीर म्हणजे सुमंत, ही जोडी आज इतिहासाच्या अभ्यासकाला थेट उपयोगी आहे. केवळ 'अमात्य' शोधणाऱ्याच्या हातून 'मुजुमदार' लिहिलेली कागदपत्रे निसटतील. तो कोश राज्यकारभारासाठी रचला गेला, शोधासाठी नव्हे. पण दोन शब्दसंग्रहांमध्ये पूल बांधण्याचे काम तेच आहे, आणि ते आपल्याकडे साडेतीनशे वर्षांपूर्वी झाले याचा अभिमान वाटल्याशिवाय राहत नाही.

माहितीच्या शोधासाठी खास बनवलेला थिसॉरस मात्र विसाव्या शतकाच्या मध्याची देणगी. युद्धोत्तर काळात तांत्रिक अहवालांचे ढीग साचले आणि 1959 च्या सुमारास अमेरिकेत ड्यू पाँट कंपनीत असा थिसॉरस वापरात आला. या इतिहासात एक भारतीय धागा आहे. शियाळी रामामृत रंगनाथन यांनी 1933 च्या आपल्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे पैलू पाडून तो मांडण्याची रीत घालून दिली. लंडनमधल्या वर्गीकरण-अभ्यासकांनी ती उचलली आणि 1969 मध्ये जीन एचिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी पैलूंवर उभारलेला 'थिसॉरोफॅसेट' प्रसिद्ध केला. आज थिसॉरस कसा रचावा याचा आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ 25964 या क्रमांकाने ओळखला जातो. त्याचे दोन भाग 2011 आणि 2013 मध्ये आले.

आरंभ कुठून करावा असे वाचक विचारतील, तर दोन दारे सुचवतो. दोन्ही कुणालाही विनामूल्य उघडी आहेत. वैद्यक, परिचर्या, औषधनिर्माण शिकणाऱ्यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यकीय ग्रंथालयाचा 'मेश' पाहावा. तो 1960 पासून चालू आहे आणि दरवर्षी सुधारला जातो. त्यात 'हार्ट अटॅक' टाकले तर तो तुम्हाला 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' या संज्ञेवर नेतो आणि तिच्या खालचे प्रकारही उलगडून दाखवतो. पबमेड या वैद्यकीय डेटाबेसमध्ये ती संज्ञा निवडली की खालच्या प्रकारांवरचे लेखही आपोआप शोधात येतात. शेती, अन्नप्रक्रिया, मत्स्यव्यवसाय या अंगाने जाणाऱ्यांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेचा 'अ‍ॅग्रोवॉक' आहे. त्याची गरज का पडते पाहा : वाशीच्या भाजी बाजारात रोज उतरणारे वांगे भारतीय लेखकांच्या इंग्रजीत ब्रिंजल असते, ब्रिटिशांच्या ऑबर्जीन, अमेरिकनांच्या एगप्लांट आणि शास्त्रीय लेखात सोलॅनम मेलोंजेना. वांग्याच्या काढणीनंतरच्या नासाडीवर लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने केवळ 'ब्रिंजल' टाकले तर त्याला जवळजवळ फक्त आपल्याकडचेच संशोधन दिसेल, आणि जगात या विषयावर कामच झालेले नाही असा त्याचा समज होईल.

प्रत्यक्ष रीत सांगतो. डेटाबेस उघडण्याआधी कागद घ्या आणि आपला विषय एका वाक्यात लिहा. 'ठाणे खाडीतील खारफुटीवर नागरीकरणाचा परिणाम' असे वाक्य असेल तर त्यात तीन कल्पना आहेत : स्थळ, खारफुटी, नागरीकरण. प्रत्येकीखाली थिसॉरसमधून मिळतील ते पर्याय, व्यापक आणि संकुचित शब्द उतरवा. एका कल्पनेखालचे शब्द 'अथवा'ने जोडायचे, तिन्ही गट 'आणि'ने. पहिल्या फेरीत चारच लेख आले तर व्यापक संज्ञेकडे वर चढा. चार हजार आले तर संकुचित संज्ञेकडे उतरा. याहून सोपी एक युक्ती अनुभवी ग्रंथपाल वापरतात : अगदी हवा तसा एक लेख मिळाला की त्याची पूर्ण नोंद उघडायची, त्याला कोणत्या संज्ञा लावल्या आहेत ते पाहायचे, आणि त्याच संज्ञा घेऊन पुन्हा शोधायचे. या एका सवयीने जितका फायदा होतो तितका दुसऱ्या कशानेही होत नाही.

स्थळाचा गट विशेष काळजीने भरावा. 1882 च्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये आपला जिल्हा 'ठाना' या वर्णलेखनाने आहे. चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी 1965 मध्ये 'मार्ग' नियतकालिकात खाडीपलीकडच्या शहराची कल्पना मांडली, सिडको 1970 मध्ये आली, आणि त्यानंतरच्या कितीतरी इंग्रजी लेखांत या शहराचे नाव 'न्यू बॉम्बे' असे आहे. शेजारच्या पनवेल-उरणचा जिल्हा 1981 पर्यंत 'कुलाबा' होता. फक्त 'नवी मुंबई' टाकणारा वाचक आरंभीची कितीतरी वर्षे नकळत गाळून टाकतो, आणि भूसंपादनाचा अभ्यास करणाऱ्याला नेमकी तीच वर्षे हवी असतात.

थिसॉरसवर सारी भिस्त ठेवावी असे मात्र मी म्हणणार नाही. 1960 च्या दशकात इंग्लंडमधल्या क्रॅनफिल्ड येथे सिरिल क्लेव्हर्डन या ग्रंथपालांनी शोधपद्धतींची रीतसर कसोटी घेतली. लेखकांच्या स्वतःच्या साध्या शब्दांवर बेतलेली अनुक्रमणी काळजीपूर्वक ठरवलेल्या संज्ञांपेक्षा मागे पडत नाही, उलट सरस ठरते, असे तिथे दिसले. हा निष्कर्ष तेव्हा अनेकांच्या पचनी पडला नाही. त्या कसोटीचा आदर राखून आजची शहाणी रीत अशी : ठरलेली संज्ञा आणि मोकळे शब्द दोन्ही घेऊन शोधावे. अगदी ताज्या लेखांना कित्येकदा संज्ञा लागलेल्याच नसतात. ते मोकळ्या शब्दांनीच सापडतात. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधसंग्रहातल्या प्रबंधांना तर विषयशब्द बहुधा संशोधकांनीच आपापल्या पसंतीने दिलेले असतात. तिथे थिसॉरस डेटाबेसमध्ये शोधू नये, आपल्या कागदावर तयार ठेवावा.

मराठीसाठी पाया घातला गेलेला आहे. पवईच्या आयआयटीत घडवलेला 'मराठी शब्दबंध' समानार्थी शब्दांचे गट आणि त्यांचे आपसांतले नाते नोंदवतो. परिभाषा कोश आहेत, जुने शब्दकोश आहेत. मात्र खाडीकाठचे आगरी-कोळी शब्द, मीठ पिकवण्याच्या, जाळी विणण्याच्या, बांधबंदिस्तीच्या कामातले शब्द अशा मांडणीत फार कमी आले आहेत, आणि ज्यांच्या तोंडी ते सहज येतात ती पिढी आता थकली आहे. सानपाडा, जुईनगर, तुर्भे, कोपरखैरणे इथल्या वाचकांना म्हणून एक विनंती. घरातल्या, गावातल्या ज्येष्ठांकडून असे शब्द नेमक्या अर्थासह टिपून आणावेत : वस्तू कोणती, ती कोणत्या मोठ्या प्रकारात मोडते, तिचे पोटप्रकार कोणते, शेजारच्या गावात तिला काय म्हणतात. नोंदीचा नमुना शेवटच्या प्रकरणात दिला आहे, आणि त्यापुढची पाने मुद्दाम कोरी ठेवली आहेत.